एडिनबरा ट्राम चौकशी अहवाल : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथील जुनी ट्राम १९५६ मध्ये बंद झाली. त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, ३१ मे २०१४ रोजी, तेथे नवी ट्राम धावू लागली. विमानतळ ते न्यूहेवन हा नियोजित मार्ग प्रत्यक्षात यॉर्क प्लेसपर्यंत, सुमारे १४ किलोमीटरवरच थांबला. ५४.५ कोटी पौंडांच्या अंदाजपत्रकाऐवजी सुमारे ७७.६ कोटी पौंड खर्च झाल्याचे जाहीर करण्यात आले. गाडी सुरू होण्यासही सुमारे तीन वर्षांचा विलंब झाला. या प्रकरणाच्या चौकशीसाठी २०१४ मध्ये लॉर्ड हार्डी यांची नियुक्ती झाली आणि त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या अहवालाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

अहवालाचे सामर्थ्य :
सर्व दोष ठेकेदारांच्या माथी मारून हा अहवाल मोकळा होत नाही, हे त्याचे मोठे सामर्थ्य होय. प्रकल्प राबविण्यासाठी महापालिकेने स्थापन केलेली 'टाय' ही कंपनी त्यात प्रमुख दोषी ठरते. मात्र महापालिका आणि स्कॉटिश मंत्री यांनाही अहवाल जबाबदारीतून मुक्त करीत नाही. रूळ टाकण्यापूर्वी रस्त्याखालील जलवाहिन्या, गॅसवाहिन्या व केबल हलविणे आवश्यक होते. हे काम आणि आराखडे अपूर्ण असतानाच मे २००८ मध्ये बांधकामाचा करार झाला. पुढील वाद व वाढीव खर्च यांचे मूळ या घाईत होते.

अहवालाची मर्यादा :
तथापि, विलंब का झाला, खर्च का वाढला आणि मार्ग अपुरा का राहिला, या तीन प्रश्नांपुरतीच चौकशीची कार्यकक्षा आखलेली होती. उभारलेल्या रस्त्यावर ट्राम रोज सुरक्षितपणे कशी चालवावी, हा चौथा प्रश्न तिच्याबाहेर राहिला. हा दोष हार्डी यांचा नसून कार्यकक्षा आखणाऱ्या शासनाचा म्हणावा लागेल.

वस्तुतः बांधकाम आणि संचालन हे ट्रामच्या बाबतीत वेगळे विषय नाहीत. वाटेत बंद पडलेल्या वाहनाला बस वळसा घालू शकते, ट्राम घालू शकत नाही. आराखड्यातील चूक म्हणूनच नित्याची अडचण होऊन बसते. रुळालगतची खाच ट्रामच्या चाकाला आवश्यक असते. तीच सायकलच्या चाकाला घातक ठरते. मे २०१७ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला सायकलचे चाक रुळात अडकून पडलेल्या एका विद्यार्थिनीचा मिनीबसखाली मृत्यू झाला. सायकलस्वाराला रूळ कोणत्या कोनात ओलांडावा लागतो, हे त्याच्या कौशल्यापेक्षा रस्त्याच्या मांडणीवर अधिक अवलंबून असते. सप्टेंबर २०१८ मध्ये सॉटन थांब्याजवळ ट्रामच्या धडकेने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्या अपघाताच्या तपासात ट्रामच्या इशाऱ्याचा आवाज पुरेसा होता काय, हा प्रश्न पुढे आला.

अहवाल येण्यापूर्वीच, जून २०२३ मध्ये, न्यूहेवनपर्यंतचा ४.७ किलोमीटरचा विस्तार सुरू झाला होता. त्यासाठी २०.७ कोटी पौंडांची तरतूद होती. वाहिन्या हलविणे व रूळ टाकणे ही कामे या वेळी एकाच खोदाईत करण्यात आली. म्हणजे बांधकामाचा धडा शहराने अहवालाची वाट न पाहता गिरविला. परंतु याच विस्तारातील लीथ वॉकवरील नागमोडी सायकलमार्गावर २०२२ मध्ये कडाडून टीका झाली. चौथा प्रश्न अनुत्तरितच होता, याचे हे द्योतक होय.

निष्कर्ष :
हार्डी अहवाल सार्वजनिक पैशाचा हिशेब मागतो आणि तो हिशेब आवश्यकच आहे. मात्र सुमारे नऊ वर्षे व एक कोटीहून अधिक पौंड खर्चून झालेली चौकशी उद्घाटनाच्या दिवसाशी थांबते, तेव्हा रस्त्यावरील माणूस तिच्या कक्षेबाहेर राहतो. ट्राम प्रकल्पाचे यश केवळ वेळ व खर्च यांवरून न ठरविता, रुळांशेजारून जाणाऱ्याच्या सुरक्षिततेवरूनही ठरविले पाहिजे. यापुढील कोणत्याही चौकशीच्या कार्यकक्षेत हा निकष प्रारंभीच समाविष्ट होणे अगत्याचे आहे.