गालिच्याची प्रत व तिची परीक्षा

जुनी पोथी हातीं आली असतां आपण प्रथम पुष्पिका पाहतों, पत्रें मोजतों, आणि ती कोणत्या मूळावरून उतरली याचा शोध करितों. मोठ्या इराणी गालिच्यासंबंधीं मात्र हाच विचक्षण वर्ग रंग व किंमत यांवरच थांबतो. आमच्या मतें गालिचाही प्रतीप्रमाणें वाचिला पाहिजे.

आधीं शब्दाचा विवेक. अमरकोशांत कुथ, आस्तरण हे शब्द आहेत. परंतु तेवढ्यावरून गांठींचें विणकाम सिद्ध होत नाहीं. वऱ्हाडांत परिचित असलेली सतरंजी ताण्याबाण्यानेंच पुरी होते. गालिच्यांत ताण्यावर लोंकरीची एकेक गांठ मारून कापावी लागते.

रचनेचा उत्तम आदर्श म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील अर्दबीलचा गालिचा. लांबी सुमारें ३४½ फूट, रुंदी १७½ फूट. गर्द निळ्या भूमीवर सूर्याकार पदक, त्याभोंवतीं १६ लंबगोल, दोन टांगते दिवे. आणि त्याच पदकाचा चतुर्थांश चारी कोपऱ्यांत. त्यामुळें आकृति किनारीपाशीं संपत नाहीं, किनारीखालून पुढें गेल्यासारखी वाटते. मोठ्या गालिच्याचें मोहकपण या योजनेंत आहे, केवळ लांबीरुंदींत नाहीं. एका टोंकास मकसूद काशानी हें नांव व हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हें वर्ष विणलें आहे, ही त्याची पुष्पिकाच होय.

परंतु हा गालिचा जोडीचा. दुसऱ्याचे तुकडे लावून याची डागडुजी झाली, व १८९३ सालीं संग्रहालयानें तो २,००० पौंडांस घेतला. खंडित झालेला दुसरा आज लॉस एंजलिस येथें आहे. दोन जीर्ण प्रती फोडून एक पूर्ण दाखवावी, तसाच हा प्रकार. एकाचें रूप राखिलें, दुसऱ्याची साक्ष गेली.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. विजापूरच्या आसार महालांत जपलेल्या जुन्या गालिच्यांवरून येरवड्याच्या तुरुंगांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नकला विणल्या गेल्या. जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० च्या आपल्या ग्रंथांत तुरुंगांतील गालिच्यांवर कठोर टीका केली. कैद्यांच्या स्वस्त श्रमापुढें स्वतंत्र विणकर टिकत नाहीं, हा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. तथापि आर्थिक दोषावरून नकलेची साक्षही त्याज्य ठरविणें न्याय्य नव्हे. मूळ झिजत गेलें असतां सावधपणें केलेली नक्कल लुप्त पाठ सांगूं शकते, हें पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस सांगावयास नको.

यास्तव यवतमाळ जिल्ह्यांतील ज्या वाड्यांत जुने गालिचे असतील, त्यांच्या धन्यांस आमची विनंती अशी कीं, खोलीच्या मापासाठीं किनार कापूं नये. एकाचें ठिगळ दुसऱ्यास लावूं नये. मागील बाजूनें एका इंचांतील गांठी उभ्या व आडव्या मोजाव्या, किनारींची संख्या लिहावी, आणि तें टिपण गालिच्याबरोबरच ठेवावें.