लवचीक पेरोव्स्काइट सौर घटांचे आर्द्रतेपासून संरक्षण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
सौर घटाचे मूल्यमापन केवळ कार्यक्षमतेच्या आकड्यावरून करण्याची प्रथा संशोधनात रूढ आहे. पेरोव्स्काइट घटांच्या बाबतीत ती विशेषत्वाने दिसते. २००९ मध्ये जपानमधील मियासाका यांच्या गटाने मांडलेल्या अशा घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सिलिकॉन व पेरोव्स्काइट यांच्या जोडघटातून सुमारे ३० टक्के कार्यक्षमता मिळविण्यात आली आहे. प्लॅस्टिकवर तयार केलेल्या लवचीक घटांविषयीही असेच आकडे प्रसिद्ध होतात. परंतु हा घट वाकविल्यानंतर पावसाळ्यात किती टिकेल, याचे उत्तर अनेक शोधनिबंधांत सापडत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

ओलावा आणि लवचीकपणा :
मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा काळसर थर बाष्प शोषून प्रथम जलयुक्त संयुग बनतो. येथपर्यंतची हानी काही अंशी भरून येऊ शकते. पुढे मात्र त्याचे विघटन होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते व घट निकामी होतो. काचेतून बाष्प जात नाही; त्यामुळे काचेच्या घटात मुख्य चिंता कडांची असते. साध्या पॉलिएस्टर पटलाच्या एका चौरस मीटरमधून मात्र दिवसाला ग्रॅमच्या घरात बाष्प पार होते. या घटांना ते प्रमाण किमान हजारपट कमी हवे. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म थर देतात. पण हे थर ठिसूळ असल्याने वाकविल्यास त्यांना तडे जातात. म्हणजेच ज्या गुणासाठी हा घट निवडावा, तोच गुण त्याचे संरक्षण दुबळे करतो. बहुवारिकाचे व ऑक्साइडचे थर आलटून पालटून देणे हा सध्याचा उत्तम उपाय आहे. मात्र त्याने खर्च वाढतो आणि स्वस्ताईचा दावा तेवढा क्षीण होतो.

चाचणीपद्धतीची समीक्षा :
अनेक निबंधांत वाकविण्याची चाचणी एका नमुन्यावर कोरड्या हवेत, तर आर्द्रतेची चाचणी दुसऱ्या, न वाकविलेल्या नमुन्यावर केलेली असते. दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे खरे असले, तरी त्यांची बेरीज खरी ठरत नाही. तोच नमुना आधी वाकवून मग ओलाव्यात ठेवणे आवश्यक आहे. ८५ अंश सेल्सिअस व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांची प्रमाणित चाचणी कठोर आहे, यात शंका नाही. परंतु ती स्थिर स्थितीतील चाचणी असून तिचा काळ जेमतेम ४२ दिवसांचा आहे.

मराठवाड्याचा संदर्भ :
२०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ओलाव्याची चिंता कशाला, असे कोणी विचारील. तथापि नांदेड-लातूर परिसरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. उन्हाळ्यात प्रसरण-आकुंचनाने सैल झालेल्या कडांतून पावसाळ्यात बाष्प शिरते. वार्षिक सरासरीत हा क्रम दिसत नाही. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकरी दहा टक्के वाटा भरतो, तो अनेक वर्षांच्या भरवशावर. उद्या लवचीक घट शेतात आले आणि दोन पावसाळ्यांत पिवळे पडले, तर नुकसान त्याचेच होईल. या घटातील शिसे चौरस मीटरमागे एका ग्रॅमहूनही कमी असते, हे खरे. पण फुटलेल्या आवरणातून ते मातीत उतरावे, हे समर्थनीय नाही.

समारोप :
उच्चांकी कार्यक्षमता गाठण्याची साधने आपल्या महाविद्यालयांत क्वचितच असतात. मात्र विविध आवरणांखाली सीलबंद केलेले नमुने, काही वाकवून व काही न वाकविता, मार्च ते सप्टेंबर गच्चीवर ठेवून त्यांच्या रंगबदलाची तापमान-आर्द्रतेसह नियमित नोंद ठेवणे शक्य आहे. शिसेयुक्त नमुने अखेरीस जमा करून त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे हाही या प्रयोगाचाच भाग मानावा. फसलेल्या आवरणाची प्रामाणिक नोंद हीदेखील ज्ञानात भर आहे. कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी आर्द्रता, तापमान, वाकविण्याची त्रिज्या व आवर्तने दिल्याशिवाय टिकाऊपणाचा दावा अपूर्ण समजावा, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.