अकरावी-बारावीत बाकी काय केलंस?

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी मामेबहीण नीटची परीक्षा देऊन लातूरहून घरी परतली. दोन वर्षं ती तिथे हॉस्टेलला होती. निकालाला महिनाभर अवकाश होता, त्यामुळे करण्यासारखं काहीच नव्हतं. मी सुट्टी टाकून मामाकडे गेलो होतो, तेव्हा आम्ही 'कोटा फॅक्टरी' पहिल्यापासून लावली. तिची ती तिसरी वेळ होती. दुसरा एपिसोड संपल्यावर तिने विचारलं, "दादा, तू बारावीत असताना दिवसभर काय करायचास?"

"अभ्यास."

"ते माहितीये रे. बाकी काय?"

मला बाकीचं काही सांगताच येईना. फिजिक्समधल्या धड्यांचा क्रम आजही आठवतो. क्लासमध्ये एसीच्या थेट खाली कोणता बाक यायचा, तेही आठवतं. पण सोळा ते अठरा या वयात मी कशावर हसलो, कुणावर चिडलो, झोपताना काय विचार करायचो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

मराठीत या वयाच्या आसपासच्या दोन कादंबऱ्या बहुतेकांनी वाचलेल्या असतात, निदान ऐकलेल्या तरी असतात. एक मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४), दुसरी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). 'शाळा'तला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे आणि कादंबरी दहावीच्या तोंडावर संपते. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या आपल्या गावाहून पुण्याला कॉलेजात येतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर मधे एक फट दिसते. मुकुंद दहावीत जातो आणि पुढच्याच पानावर पांडुरंग कॉलेजच्या हॉस्टेलवर असतो. अकरावी-बारावी गायब!

याचं एक कारण अगदी साधं आहे. पांडुरंगच्या काळात ही फट नव्हतीच. तेव्हा अकरावीला मॅट्रिक व्हायची आणि मॅट्रिक झालेला मुलगा थेट कॉलेजात जायचा. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आला. म्हणजे 'ज्युनियर कॉलेज' नावाची जागा या दोन नायकांच्या मधल्या काळात तयार झाली. शाळा सुटलेली असते आणि खरं कॉलेज सुरू व्हायचं असतं. पुढे या जागेत क्लासेस शिरले. आता कित्येक ठिकाणी कॉलेजात फक्त नाव असतं, हजेरी कागदावर लागते आणि मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये असतात.

या जागेची गोष्ट पडद्यावर मोठ्या प्रमाणात आणली ती 'कोटा फॅक्टरी'ने, २०१९ साली. इटारसीचा वैभव पांडे कोट्यात येतो आणि त्याच्यासोबत आपणही येतो. तो शहरात शिरतो तसे चित्रातले रंग उडून जातात आणि पुढे सगळं कृष्णधवल होतं. ही कल्पना मला आजही आवडते. मीना, उदय, मेसचं जेवण, बॅच बदलून मिळवण्याची धडपड, खोलीतलं पहिलं एकटेपण, हे सगळं इतकं ओळखीचं होतं की आमच्या ग्रुपवर प्रत्येक जण म्हणत होता, "अरे, हा तर मी!"

आता तिसऱ्यांदा पाहताना मात्र एक गोष्ट खटकत राहिली. या मालिकेत मुलांच्या रोजच्या जगण्यातली कुठलीही गोष्ट नुसती घडत नाही. ती अडचण म्हणून येते आणि उत्तर घेऊन जाते. इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत मन लागत नाही, त्यावर जीतूभैयाकडे तोडगा आहे. मीनाचं लक्ष शरीराकडे वळतं, त्यावर जीतूभैयाशी बोलणं आहे. वैभवला कावीळ होते, आई येऊन राहते. ते प्रसंग छान आहेत, पण तिथेही मागे घड्याळ टिकटिकत असतं की अभ्यास बुडतोय. मैत्री, प्रेम, आजारपण, कंटाळा, सगळ्याला एकच फूटपट्टी: याने तयारीला मदत होते की अडथळा?

म्हणजे मालिकेचं नाव कारखान्यावर टीका करतं, पण तिची नजर कारखान्याच्या सुपरवायझरची आहे. तो प्रेमळ सुपरवायझर आहे, पोरांच्या खांद्यावर हात ठेवणारा आहे, इतकंच. पहिल्या सीझनला एका ऑनलाइन शिकवणीच्या ॲपचं प्रायोजकत्व होतं, हे तेव्हा मला गमतीदार वाटलं होतं. आता ते तर्काला धरूनच वाटतं. बहिणीकडून कळलं की तिच्या मैत्रिणी टेस्टच्या आदल्या रात्री जीतूभैयाच्या भाषणांच्या क्लिप पाहायच्या. का? तर 'मोटिव्हेशन' मिळतं म्हणून. व्यवस्थेवरची टीका त्याच व्यवस्थेत जोमाने पळण्यासाठी वापरली जातेय, आणि ती तशी वापरता येते, यातच तिची मर्यादा कळते.

मालिकेला हे अजिबात जाणवलं नाही, असं म्हणणं अन्याय होईल. दुसरा सीझन एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येवर थांबतो आणि तिसऱ्यात (२०२४) जीतूभैया स्वतःच कोसळलेला दिसतो, उपचार घेतो. सगळ्यांना उत्तरं देणाऱ्याकडची उत्तरं संपतात. हे धाडसाचं होतं. पण आपण दुःख पाहतो ते त्याचं. ती मुलगी सकाळी उठून काय करायची, तिला काय आवडायचं, हे तिच्या नजरेतून आपल्याला कळत नाही.

आता 'शाळा' पुन्हा उघडून पाहा. मुकुंद आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसतात. तिथे काही साध्य होत नाही. टिंगल चालते, शिरोडकरबद्दल बोलणं होतं, बढाया मारल्या जातात, वेळ जातो. 'कोसला'तही कॉलेजच्या अभ्यासापेक्षा मेसचे घोळ, गॅदरिंग, मित्रांबरोबरची भटकंती आणि न संपणाऱ्या गप्पा लक्षात राहतात. या फुकट गेलेल्या वेळातच ही मुलं आपल्याला कळतात. मुकुंद नववीत पास होणार का, या प्रश्नासाठी कुणी 'शाळा' वाचत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. रिकामा वेळ ही चैन आहे. जेईई मेनला दहा लाखांहून जास्त मुलं बसतात आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास. ज्याच्या बापाने कर्ज काढून फी भरली, त्याने अर्धवट बिल्डिंगमध्ये बसून टिंगल करायची का? आणि मुलींचं काय? 'शाळा'तली भटकंती मुलांची आहे. शिरोडकर शाळा सुटल्यावर काय करते, ते आपल्याला मुकुंदला दिसतं तेवढंच दिसतं.

पण मी मुलांनी उनाडावं असं म्हणत नाहीये. बारा तास अभ्यास करणाऱ्या पोरालाही आतमध्ये एक दिवस असतोच. गणित सोडवताना भलतंच गाणं डोक्यात वाजतं. मेसमधल्या काकूंशी भांडण होतं. आपल्याला डॉक्टर व्हायचंय की फक्त घरच्यांना निराश करायचं नाहीये, असा प्रश्न रात्री अकराला पडतो आणि सकाळी सहाच्या बॅचला विसरला जातो. हे पाहणं गोष्टीचं काम आहे. 'कोटा फॅक्टरी' ते पाहायला जाते आणि दर वेळी भाषणापाशी थांबते. जी मुलं ती पाहून मोठी झाली, त्यांनाही मग आपल्या आठवणींमधून तेवढंच उचलायची सवय लागते. मी इंजिनियर झालो, नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. पण दोन वर्षांचा हिशेब मागितला तर मी धड्यांची यादी सांगतो, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

एपिसोड थांबवून मी बहिणीला तिचाच प्रश्न परत विचारला. बाकी काय करायचीस? आधी तीही म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचो. हॉस्टेलमध्ये स्मार्टफोन चालत नसे आणि खाली रेक्टर बाई असायच्या, म्हणून तेवढीच जागा. दोन कपडे घालायला वीस मिनिटं लावायच्या. एकीने तर कोरडा टॉवेल मुद्दाम भिजवून वर नेला होता. टाकीच्या सावलीत बसून त्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाकडे बघत राहायच्या. त्या घरातल्या माणसांना त्यांनी नावं ठेवली होती. तिथल्या आजोबांचं आणि सुनेचं पटत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि दोघं एकदा शेजारी बसून शेंगा सोलताना दिसले तेव्हा यांना धक्का बसला होता.

ती अर्धा तास गच्चीबद्दल बोलत होती. त्यात नीटचा उल्लेख एकदाच आला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते कुटुंब घर सोडून गेलं आणि कुठे गेलं ते यांना कधीच कळलं नाही, हे सांगताना. पुढचा एपिसोड लावायचं आम्ही विसरून गेलो.