बुरशीजन्य मस्तिष्कावरणदाह आणि मेरुद्रवाची तपासणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘पाठीतले पाणी काढावे लागेल’ हे शब्द कानी पडताच रुग्णाचे नातेवाईक संमतीपत्रावर सही करण्यास कचरतात. पाय लुळे पडतील ही भीती कोल्हापूर परिसरातही रूढ आहे. वस्तुतः मेरुरज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. हा गैरसमज दूर करणे आवश्यकच आहे. परंतु वैद्यकीय व्यवहारातही ही तपासणी पुष्कळदा अपुऱ्या अर्थाने घेतली जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन

क्रिप्टोकॉकस ही बुरशी प्रामुख्याने एच.आय.व्ही.मुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या मस्तिष्कावरणास ग्रासते. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत शासनाचे मोफत ए.आर.टी. उपचार सुरू झाले. तरीही उशिरा निदान झालेले वा औषधे सोडलेले रुग्ण आजही या आजाराच्या तावडीत सापडतात.

परंपरेने मेरुद्रवाचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीपेशीभोवतीचे कवच उजळ वलयासारखे दिसते. ही पद्धत स्वस्त आहे; मात्र बुरशी अल्प असल्यास ती हुलकावणी देते. अशा वेळी क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाशी गल्लत होण्याचा संभव असतो, कारण दोहोंत लिम्फोसाइट पेशी व प्रथिने वाढलेली आणि साखर घटलेली आढळू शकते. प्रतिजन-पट्टीची चाचणी काही मिनिटांत अधिक विश्वासार्ह उत्तर देते. संवर्धनास मात्र अनेक दिवस लागतात.

तथापि खरी उणीव वेगळीच आहे. या आजारात डोक्यातील दाब वाढून दृष्टी व प्राण दोन्ही धोक्यात येतात. दाब २५ सेंटिमीटरहून अधिक असल्यास तो २०च्या खाली येईपर्यंत, अथवा फारच अधिक असल्यास निम्मा होईपर्यंत, द्रव काढावा लागतो. गरजेनुसार हे रोज करावे लागते. म्हणजे येथे तपासणी हाच उपचारही ठरतो. नळीतील द्रव प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो. सुई घालताना न मोजलेला दाब मात्र कोणताही अहवाल नंतर सांगू शकत नाही. दाबमापक नसल्यास निर्जंतुक सलाइनची नळी व मोजपट्टी यांवरही काम भागते.

निष्कर्ष

अहवालात ‘बुरशी आढळली’ एवढेच असणे पुरेसे नाही. दाबाचा आकडाही तेथे हवा. संमती घेतानाही ‘तपासणीसाठी पाणी’ एवढेच न सांगता ‘डोक्यातील दाब उतरविण्यासाठी’ असे स्पष्ट केल्यास नातेवाइकांचा नकार ओसरण्यास मदत होईल. वैद्यकशास्त्र नेमक्या मराठीत समजावून सांगण्याचे हे काम केवळ डॉक्टरांचे नसून महाविद्यालयीन अध्यापकांचेही आहे.