वकिलातींचे कागद आणि परराष्ट्रकारणाचें अध्ययन

परराष्ट्रकारण हा विषय घेऊन एम्. ए. चा अभ्यास करणारा पाचोऱ्याचा एक विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखकाकडील कागद पाहावयास आला होता. प्रबंधासाठीं त्यास विषय हवा होता. सन १६४८ चा वेस्टफालियाचा तह, १८१५ ची व्हिएन्नाची परिषद, राजदूतांच्या हक्कांविषयींचा १९६१ चा व्हिएन्नाचा करार हीं सर्व त्यास मुखोद्गत होतीं. सर टॉमस रो याची रोजनिशीही त्यानें लक्षपूर्वक वाचली होती. परंतु मराठ्यांच्या एकाही वकिलाचें एकही पत्र त्याच्या वाचनांत आलेलें नव्हतें. ‘छापलेलें कांहीं आहे काय?’ असें त्यानें विचारलें. छापलेलें पुष्कळ आहे, असें सांगून कपाटांतील खंड काढूं लागलों, तेव्हां त्यांतील नेमका कोणता खंड त्याच्या हातीं द्यावा हें मात्र सुचेना. या अडचणीचा दोष त्या विद्यार्थ्याकडे नसून आम्हां संशोधकांकडे व संपादकांकडे आहे, असें विचारान्तीं आमचें मत झालें. तें येथें सकारण मांडतों.

प्रथम रो याच्या रोजनिशीकडे पाहूं. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा हा वकील सुरतेहून जहांगीर बादशहाकडे अजमेरीस निघाला असतां नोव्हेंबर १६१५ मध्यें खानदेशांतून बऱ्हाणपुरास पोंचला. तेथें शहाजादा परवेझ याच्या दरबारीं भुईपर्यंत वांकून मुजरा करण्याचें त्यानें नाकारलें व बसावयास खुर्ची मागितली. खुर्ची मिळाली नाहीं. मात्र रुप्यानें मढविलेल्या खांबास टेकून उभें राहण्याची सवलत मिळाली. गोष्ट दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु आपण येथें शहाजाद्याचे चाकर म्हणून उभे आहों, कीं परराजाचे प्रतिनिधि म्हणून, हा वकिलीधंद्यांतील मूळ प्रश्न तींत आला आहे. ही रोजनिशी विल्यम फॉस्टर यानें हॅक्लुइट सोसायटीकरितां १८९९ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली. रोजनिशी, तिला लागून असलेला पत्रव्यवहार व टिपा हीं सर्व तींत एके ठिकाणीं आहेत. म्हणून चारशें वर्षांपूर्वींच्या त्या वकिलाबरोबर आजचा विद्यार्थीही दरबारांत प्रवेश करूं शकतो.

योगायोग असा कीं, तिच्या एकच वर्ष आधीं, १८९८ सालीं, इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड बाहेर काढला. पुढें त्यांचे एकंदर २२ खंड झाले. खानदेशाशीं राजवाड्यांचें नातें निराळें सांगावयास नको. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथेंच त्यांचा देह पडला. त्यांच्या खंडांत मांडणीचे दोष काढणें ही कृतघ्नता होईल. घर जळत असतां सामान बाहेर काढणारानें त्याची मांडणी करीत बसावयाचें नसतें. शिवाय ज्या वाचकाचा येथें विचार चालला आहे, तो वाचक तेव्हां जन्मासच आला नव्हता. आंतरराष्ट्रीय अध्ययनाची स्वतंत्र संस्था दिल्लीस निघाली ती १९५५ सालीं, व १९७० मध्यें ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत समाविष्ट झाली. आमचे मोठे खंड बहुतेक त्यापूर्वींचे. परंतु आतां ती सबब उरलेली नाहीं.

पहिला दोष रचनेचा. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला खंड उदगीरच्या लढाईचा व दुसरा पानिपतच्या. त्याच सरदेसायांनीं पुणें रेसिडेन्सीच्या इंग्रजी कागदांचा दुसरा खंड १९३६ सालीं संपादिला. त्यास मात्र त्यांनीं मॅलेटच्या वकिलातीचें नांव दिलें. संपादक एकच, परंतु परक्यांचे कागद वकिलातीच्या सूत्रानें ओंवले गेले आणि आपले लढायांच्या. याचा परिणाम असा होतो कीं, आमच्या साधनांत वकील हा लढाईची बातमी देणारा जासूद दिसतो. लढाई टाळणारा, लांबविणारा किंवा तिचें फळ कागदावर उतरवून घेणारा मुत्सद्दी म्हणून तो दिसत नाहीं.

याचें उदाहरण आमच्या पायांखालच्या जमिनीचेंच देतों. गाजीउद्दीन हा निजामुल्मुल्काचा वडील मुलगा होळकर-शिंद्यांच्या साह्यानें दिल्लीहून दक्षिणच्या सुभ्यावर आला. त्याबद्दल त्यानें तापी व गोदावरी यांमधील वऱ्हाडाच्या पश्चिमेचा मुलूख मराठ्यांस देऊं केला. ऑक्टोबर १७५२ मध्यें औरंगाबादेस तो अकस्मात् मरण पावला. देणारा गेला म्हणजे देणगीही गेली, असें कोणीही म्हणतें. तरी त्याच सालच्या भालकीच्या तहांत ती देणगी पेशव्यांनीं त्याचा प्रतिस्पर्धी भाऊ सलाबतजंग याजकडून कायम करून घेतली. खानदेश मराठी अमलांत आला तो मुख्यतः असा. मृताच्या वचनाचें जिवंत शत्रूच्या करारांत रूपांतर कसें झालें, हा कोणत्याही विद्यापीठांत शिकवावा असा पाठ आहे. पाचोऱ्याचा विद्यार्थी तो शिकण्यास परगांवीं जातो आणि तेथें त्यास वेस्टफालिया मिळतो. कारण भालकीचें प्रकरण एका हातीं धरतां येईल असें आम्हीं करून ठेवलेलें नाहीं.

दुसरा दोष मायन्याचा. कित्येक छापील संग्रहांत मायना गाळलेला किंवा ‘विनंति उपरि’ एवढ्यावर आटोपलेला आढळतो. जागा वांचते हें खरें. परंतु कोणी कोणास आशीर्वाद लिहिले, कोणी विज्ञापना केली, शिक्का माथ्यावर आहे कीं शेवटीं, यांवरच दोन दरबारांची परस्परांतील पायरी कळते. रो याची खुर्ची गाळून त्याची रोजनिशी छापावी, तसाच हा प्रकार झाला.

तिसरा दोष एकांगीपणाचा. वकिलाचें पत्र हें संभाषणाचें अर्धें अंग होय. हैदराबाद दरबारांतील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांचीं पत्रें आमच्यांत विख्यात आहेत. पण तीं निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेलीं आहेत. त्याच दरबारीं इंग्रजांचे रेसिडेंट केनवे व त्यामागून कर्कपॅट्रिक हे होते, आणि मराठे-निजाम संबंधांचे १७९२ ते १७९५ चे इंग्रजी कागद रेसिडेन्सीच्या चौथ्या खंडांत छापलेले आहेत. चौथाईच्या बाकीची तीच रदबदली तीन तोंडांनीं ऐकावयास मिळते. पण हीं तीन तोंडें आजवर एका ग्रंथांत एकमेकांसमोर बसविलेलीं नाहींत.

येथें एका उलट दिशेच्या उत्साहासही आवर घातला पाहिजे. आमचे कांहीं मित्र वकिलांचें एखादें पत्र हातीं येतांच त्यांत कौटिल्याचा दूतप्रणिधि पाहतात, आणि हा वकील निसृष्टार्थ, तो परिमितार्थ, पलीकडचा शासनहर अशी वर्गवारी लावून मोकळे होतात. अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्र्यांनीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध केली ती १९०९ सालीं. पेशवाईंतील वकिलापाशीं ती होती असें दाखविणारा पुरावा ज्यानें पुढें करावयाचा, त्यानें तो आधीं करावा. वकिलास किती मुखत्यारी होती, हें त्यास आलेल्या आज्ञापत्रांवरून ठरेल, जुन्या संज्ञांवरून नव्हे.

योग्य दिशेचे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. पारसनिसांची ‘दिल्ली येथील मराठ्यांचीं राजकारणें’ आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचें हिंगणे दप्तर हीं दरबार व वकील यांच्या सूत्रानें ओंवलेलीं आहेत. तेंच सूत्र पुढें चालवून खर्ड्यापर्यंतची काळ्यांची वकिलात हा एक ग्रंथ सिद्ध व्हावा. पत्रें पूर्ण मायन्यासह असावीं, इंग्रजी व फारशी बाजू शेजारीं असावी, पारिभाषिक शब्दांचे अर्थ द्यावे, व कांहीं पत्रांचे मोडी छायापट जोडावे. १७९५ च्या मार्चांत रदबदली संपून तरवार चालली, आणि निजामाचा कारभारी मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. तेव्हां बोलणें कोठें तुटलें व कां, हा प्रश्न त्या ग्रंथास आपोआप आदि-अंत देईल.

शेवटची विनंति संग्राहकांस आहे, आणि तींत प्रस्तुत लेखकही आलाच. आपण शिक्क्याचें, सुवाच्य अक्षराचें पत्र तेवढें रुमालांतून उचलतों, आणि बाकीचे याद्या, पाकिटें व उत्तरांचे मसुदे वाण्याच्या दुकानीं जातात. उचललेलें पत्र कपाटांत शोभतें. पण तें कोणास उत्तर होतें हें सांगणारा कागद त्याच दिवशीं नष्ट होतो. खानदेशांतील देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरीं जे रुमाल अद्याप बांधलेले असतील, ते बांधलेल्या क्रमानेंच उतरवून घ्यावे, निवड मागाहून करावी.

तो विद्यार्थी अखेर मॅलेटचा खंड घेऊन गेला. त्याच्या प्रबंधांत पुणें दरबार इंग्रज वकिलाच्या डोळ्यांनीं दिसेल, हें उघड आहे. त्याबद्दल त्यास बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पुढच्या विद्यार्थ्याच्या हातीं काय द्यावयाचें, एवढेंच ठरविणें आपल्याकडे आहे.