रॉबिन हूड : स्वतंत्र माणसाचा उमराव

वारसा हिरावला गेलेला उमराव अरण्यात जाऊन धनिकांना लुटतो व गरिबांना वाटतो, ही रॉबिन हूडची रूढ प्रतिमा होय. जुन्या कथागीतांतील रॉबिन मात्र निराळा आहे. १५०० च्या सुमारास छापल्या गेलेल्या ‘गेस्ट ऑफ रॉबिन हूड’ या दीर्घ कथागीतात तो ‘योमन’, म्हणजे सरदारही नव्हे व भूदासही नव्हे असा स्वतंत्र मनुष्य, आहे. कर्जात बुडालेल्या एका सरदाराला तो ४०० पौंड देतो; गरिबांना वाटप हा तेथे कथेचा गाभा नाही. त्याचे वैर नॉटिंगहॅमच्या शेरीफशी व धनाढ्य मठाधिपतीशी आहे, राजाशी नाही.

१५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने त्याला हंटिंग्टनचा अर्ल बनविले. हा बदल केवळ पदवीचा नाही. न्याय राखणारेच अन्याय करू लागले तर सामान्य माणसाने काय करावे, हा कथागीतातील प्रश्न नाटकात एका घराण्याच्या हक्काचा होऊन बसतो. आणि हक्क परत मिळाला की असे बंड आपोआप मिटते. ‘गेस्ट’मधील रॉबिनला राजा क्षमा करून दरबारी नेतो, तरी तो तेथे रमत नाही; अरण्यातच परततो. उमरावाला परतण्यासाठी वाडा असतो, योमनला तो नाही. म्हणून उत्तरकालीन प्रतिमेवरून मूळ गीतांतील विद्रोहाचे मोजमाप करणे युक्त नव्हे.