समद्विभुज आणि आयसोसिलीस

परकी भाषा शिकवायची असेल तर ती ‘भाषा’ म्हणून शिकवू नये, तिच्यातून काहीतरी शिकवावे, हा विचार गेल्या साठेक वर्षांत शिक्षणाच्या जगात चांगलाच रुजला आहे. नियम आणि शब्दांच्या याद्या पाठ करून भाषा येत नाही. भूगोल किंवा विज्ञान समजून घेताना मुलाचे लक्ष आशयावर असते आणि भाषा नकळत अंगवळणी पडते, असे त्यामागचे म्हणणे. ते खोटे नाही. पण ते अर्धे आहे. आशयातून नवी भाषा येते, हे खरेच. मात्र तो आशय ज्या भाषेतून काढून घेतला, तिचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रातल्या ‘सेमी-इंग्रजी’ वर्गांकडे मला याच प्रश्नातून पाहायचे आहे.

या वर्गांची रचना सर्वांना ठाऊक आहे: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. आपण तिच्याकडे मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम यांच्यातली तडजोड म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती आशयातून भाषा शिकवण्याचीच एक मोठी योजना आहे. म्हणून तिला त्याच कसोट्या लावायला हव्यात.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातले. 1965 साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहाने बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुले फ्रेंच शिकली, त्यांचे इंग्रजी खालावले नाही आणि विषयही कच्चे राहिले नाहीत. प्रयोगाचा अभ्यास करणारे वॉलेस लँबर्ट यांनी मात्र यशाची अट नोंदवली. या मुलांची पहिली भाषा प्रतिष्ठेची होती. घरी, बाजारात, सत्तेत तिचेच चलन होते. अशा मुलांची दुसरी भाषा पहिलीत भर घालते. जिथे पहिली भाषा आधीच दुबळी मानली जाते, तिथे तीच दुसरी भाषा पहिलीतून वजाबाकी करू लागते. आपण कॅनडाचा निष्कर्ष उचलला आणि अट तिथेच ठेवली.

दुसरी नोंद मेरिल स्वेन यांची. अनेक वर्षे फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांना ऐकलेले आणि वाचलेले उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहत. कारण वर्गात बोलण्याचे काम मुख्यतः शिक्षकांकडेच असे. समजणे आणि मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मांडणी करायला भाग पडल्याशिवाय मांडता येत नाही. सेमीच्या वर्गात शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतात, मराठीत समजावतात आणि उत्तर इंग्रजीत उतरवून देतात. मूल ते पाठ करते. अशा वेळी मुलाने स्वतःचे असे एकही वाक्य कोणत्याच भाषेत केलेले नसते.

भारतातला प्रयोगही लक्षात घ्यावा. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रासच्या बाजूच्या साध्या शाळांत व्याकरण बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिले. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न विचारायचे. भाषा नवी होती, पण काम मुलाच्या बुद्धीच्या टप्प्यातले होते. सेमीमध्ये नेमके उलटे घडते. अपूर्णांक नवा आणि भाषाही नवी, म्हणजे मुलाला दोन्ही पाय एकाच वेळी उचलायला सांगितले जाते.

आता शब्दांकडे वळतो, कारण अनुवादकाला काळजी वाटते ती तिथे. ‘समद्विभुज’ या शब्दात त्याची व्याख्या बसलेली आहे: सारख्या दोन भुजांचा. ‘आयसोसिलीस’ हे ग्रीक जाणणाऱ्यासाठी तितकेच उघडे आहे, पण वाशीमच्या किंवा वसईच्या मुलासाठी तो निव्वळ पाठ करण्याचा आवाज. ‘अंश’ आणि ‘छेद’ या शब्दांत भाकरी मोडल्यासारखा अपूर्णांक दिसतो. ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’मध्ये तो दिसत नाही. याउलट पदार्थविज्ञानातला ‘वर्क’ हा इंग्रजीतला अगदी घरगुती शब्द. इंग्रज मुलाला तो आधी घरात भेटतो आणि मग शास्त्रात. आपल्या मुलाला तो आधी शास्त्रात भेटतो. विस्थापन शून्य असेल तर ‘वर्क’ शून्य, हे त्याला येते. पण मामा काय काम करतो, हे त्याच इंग्रजीत सांगता येत नाही. जिम कमिन्स यांनी 1979 साली संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला. स्थलांतरित मुलांत पहिली लवकर येते, दुसरीला कितीतरी अधिक वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. आपण हा क्रम उलटा केला आहे आणि त्याची दखलही घेतलेली नाही.

मराठी परिभाषा सगळीच सोपी आहे, असा दावा मी करणार नाही. ‘प्रकाशसंश्लेषण’ उलगडून सांगावे लागते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा चेष्टेला ऊत आला. पण प्रश्न खरा होता. कन्नड मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणताना वीस आधी आणि एक नंतर उच्चारते, ज्या क्रमाने अंक लिहिले जातात त्याच क्रमाने. मराठी मुलाला उलटे ऐकून सुलटे लिहावे लागते. त्या वादाचे मोल असे, की गणित मराठीत शिकवायचे तर मराठीलाही काम करावे लागेल, हे त्यातून दिसले. गणित इंग्रजीत गेले की हा वादच मिटतो. आणि वाद मिटला की भाषेची वाढही थांबते.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे अभियांत्रिकी आणि वैद्यक मुख्यतः इंग्रजीतच आहे. आठवीपर्यंत थांबून एकदम उडी मारण्यापेक्षा आधीच सवय झालेली बरी, हा त्यांचा हिशेब व्यवहाराला धरून आहे. माझा आक्षेप विषयांच्या वाटणीवर आहे. सिद्धता, कारण, प्रयोग हे इंग्रजीकडे. इतिहास, कविता, संस्कार हे मराठीकडे. रोज शाळेत हीच वाटणी पाहणारे मूल न सांगता शिकते, की मराठी भावनेची आणि इंग्रजी विचाराची. पुढे कादंबरीत डॉक्टर बोलायला लागला की संवाद इंग्रजीत का घसरतो, विज्ञानावरच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनुवादाला वाचक का मिळत नाही, याची उत्तरे आपण साहित्यात शोधतो. ती पाचवीच्या वेळापत्रकात आहेत.

ही वाटणी अटळ नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले, ते इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून. वाचकाने बातमीतून इंग्रजीकडे जावे आणि इंग्रजीतून परत मराठीकडे यावे, अशी सोय त्या पानावरच होती. तेच बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत, आणि त्यांनीच 1840 साली ‘दिग्दर्शन’ हे ज्ञानविषयक मासिक मराठीत सुरू केले. शून्यलब्धीवरही त्यांनी मराठीत लिहिले. इंग्रजी विद्या हवी म्हणून मराठीला विद्येतून रजा द्यावी, असे त्यांना वाटले नाही.

वेल्समध्ये 1990च्या दशकात सेन विल्यम्स यांनी जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशीही हीच ये-जा आहे: एका भाषेत वाचायचे आणि दुसऱ्या भाषेत लिहायचे. नुसती नक्कल करून हे जमत नाही. आशय पचवावाच लागतो. वेल्श ही मोठ्या शेजारणीच्या सावलीत जगणारी भाषा. तिच्या वर्गातून हा विचार यावा, यात नवल नाही.

आपल्याला याहून फार मोठी यंत्रणा लागणार नाही. धडा इंग्रजीत वाचला असेल तर त्यावरचा एक परिच्छेद मराठीत लिहायचा. प्रयोग मराठीत केला असेल तर त्याची नोंद इंग्रजीत करायची. परीक्षेत त्याला गुण ठेवायचे, कारण गुण नसलेले काम शाळेत टिकत नाही. ‘आयसोसिलीस’ म्हणजे काय, हे आजीला मराठीत सांगता आले तर मुलाला भूमितीही आली आणि इंग्रजीही. सांगता आले नाही, तर त्याला फक्त स्पेलिंग आले.